बोटीच्या ट्रॉलीची दांडी पुन्हा त्याच जागी का चिरते? चीर, गंज आणि वेल्डिंग

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला की आमच्या वर्कशॉपसमोर बोटींच्या ट्रॉल्या रांगेने लागतात. पर्यटनाचा हंगाम संपत आलेला असतो, पाऊस तोंडावर असतो आणि मालवणच्या देवबाग, तारकर्ली, दांडी, चिवला या किनाऱ्यांवरच्या फायबरच्या बोटी आणि जेट-स्की वर ओढायची घाई असते. ओल्या वाळूत चाकं रुतलेली, वर बोट, पुढे ट्रॅक्टर. एक जोराचा हिसका बसतो आणि आठ महिने कसाबसा तग धरलेला सांगाडा तिथेच दगा देतो. मग फोन येतो, "भावा, दांडी परत त्याच जाग्यार चिरली." ही दांडी म्हणजे किनारा नव्हे, ट्रॉलीचा पुढे हुकापर्यंत जाणारा लांब पाईप.

मला लिहायचं आहे ते या 'परत'बद्दल. चीर भरणं अवघड नाही. वेल्डिंगचं मशीन, चार रॉड आणि अर्धा तास पुरतो. पण तीच चीर दोन-तीन महिन्यांनी त्याच जागी किंवा चार बोटं सरकून पुन्हा दिसली, तर तिसऱ्यांदा रॉड मारून काहीही होणार नाही. चिरेचं कारण वेगळ्या जागी असतं आणि आपण रंगवत बसतो भलतीच जागा.

एका ट्रॉलीची हकिकत सांगतो. देवबागच्या एका ओळखीच्या माणसाची १८ फुटी फायबर बोट. ट्रॉली इथेच बनवलेली, दांडी १०० × ५० मिलिमीटरच्या बॉक्स पाईपची, म्हणजे चौकोनी पोकळ पाईपची, जाडी ३ मिलिमीटर. नोव्हेंबरात दांडीला खालून चीर दिसली, जिथे पहिला आडवा पाईप जोडला होता तिथेच. मी चीर भरली आणि वरून खबरदारी म्हणून ६ मिलिमीटरची फ्लॅट पट्टी चारी बाजूंनी वेल्ड करून मारली. जानेवारीत पट्टी संपते त्या रेषेवर नवी चीर आली. मी आणखी लांब पट्टी मारली. एप्रिलमध्ये त्या लांब पट्टीच्या टोकाला पाईप तळापासून अर्ध्या उंचीपर्यंत उघडला. त्या दिवशी ट्रॉली उलटी करून, ग्राइंडरने सगळा रंग काढून, पहिल्यांदा नीट बघितलं. तोवर मी दोन वेळा मन लावून चुकीचं काम केलं होतं.

चूक अशी. दांडी पुढे हुकावर टेकलेली असते, मागे एक्सलवर, आणि बोटीच्या नाकाचं वजन मधे कुठेतरी. म्हणजे दोन टेकूंवरची फळी मधोमध दाबावी तसं होतं. वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. प्रत्येक खड्ड्यात, प्रत्येक हिसक्याला हा ताण वाढतो, कमी होतो, पुन्हा वाढतो. ताणल्या जाणाऱ्या त्या खालच्या बाजूवर आडवं वेल्डिंग केलं की त्याच्या कडेला, जिथे जोड संपून मूळ पाईप सुरू होतो, तिथे ताण एकवटतो. जोडाच्या कडेला बारीकशी खळगी राहिली असेल तर चिरेला तोंडच मिळतं. मी जाड पट्टी मारून मधला भाग दगडासारखा कडक केला, आणि पट्टी जिथे संपते तिथे कडक भाग आणि ३ मिलिमीटरचा लवचिक पाईप यांचा सांधा तयार झाला. लवायचं ते सगळं त्या एका रेषेवर लवायला लागलं. पट्टी जितकी जाड आणि तिचं टोक जितकं चौकोनी, तितकी नवी चीर लवकर.

रॉड कमजोर होता का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. ६०१३ हा नेहमीच्या वेल्डिंग रॉडचा नंबर, त्यातल्या ६० चा अर्थ प्रति चौरस इंच ६० हजार पौंड ताण, म्हणजे साधारण ४१० मेगापास्कलच्या वर. आपण वापरतो त्या साध्या एम.एस.ची (माइल्ड स्टीलची), आयएस २०६२ या भारतीय मानकातल्या ई२५० दर्जाची, किमान ताणशक्ती ४१० मेगापास्कल. म्हणजे नीट मारलेला जोड पाईपाइतका तरी मजबूत असतोच. म्हणून तर चीर जोडातून न जाता जोडाला चिकटून जाते. चीर कुठून गेली आहे ते आधी बघा. जोडाच्या मधोमध उभी फाटली असेल तर वेल्डिंग कच्चं होतं, आत शिरलंच नव्हतं. जोडाच्या कडेने पाईप फाटला असेल तर आकार आणि जागा चुकली आहे, तिथे महागडा रॉड आणून उपयोग नाही.

आधी निदान: चीर आहे की गंज?

बहुतेक ट्रॉल्यांना दोन्ही असतं, पण मूळ दुखणं एकच असतं आणि ते ओळखावं लागतं.

चीर रंगाखाली लपते. रंगावर केसासारखी रेष आणि तिच्यातून खाली उतरलेला तपकिरी ओघळ दिसला तर तिथे खरवडा. आत पाणी जातं-येतं म्हणूनच ओघळ येतो. नक्की करायला रॉकेल आणि खडू पुरतो. जागा वायर ब्रशने चकचकीत करायची, रॉकेल लावून दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचं, कोरड्या फडक्याने पूर्ण पुसायचं आणि वर पांढरा खडू घासायचा. मग बाजूला हातोडीने हलके ठोके द्यायचे. चिरेत शिरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि खडूवर ओलसर काळी रेष उमटते. डोळ्यांना दिसत होती त्यापेक्षा ती रेष नेहमी लांब निघते. माझ्या अंदाजात मी बोटभर कमी पडतोच. तीन डब्यांचं लाल-पांढरं डाय पेनिट्रंट मिळालं तर अधिक चांगलं, काम त्याच तत्त्वावर चालतं. तपासणी झाली की रॉकेल पुसून, वाळवून, मगच पुढे.

इथेच एक धोक्याची सूचना. पुसायला हाताशी आलेला ब्रेक क्लीनर मारू नका. त्यातले काही क्लोरीनयुक्त असतात, आणि त्याच्या वाफेवर वेल्डिंगचा आर्क (रॉडच्या टोकाची विजेची ज्योत) लागला की फॉस्जिन हा विषारी वायू तयार होतो. अगदी थोडासाही जीवघेणा ठरू शकतो.

गंजाची परीक्षा हातोडीने. दांडीवर, बाजूच्या पाईपांवर, एक्सलच्या बैठकीजवळ, टोकापासून टोकापर्यंत ठोकत जा. चांगला पाईप खणखणीत वाजतो. पोखरलेला पाईप बद्द आवाज देतो आणि आतून भुसा सरकल्यासारखी खरखर ऐकू येते. ते गंजाचे पापुद्रे. खालच्या बाजूला जास्त ठोका, कारण बॉक्स पाईप आतून गंजतो आणि पाणी तळाशी साचतं. बाहेरून रंग नवा कोरा असतो आणि आतून पाईप बिडीच्या पानाएवढा पातळ उरलेला असतो. शंका असेल तिथे ६ मिलिमीटरचं भोक पाडून पत्र्याची जाडी मोजा. ३ मिलिमीटरच्या पाईपात २ च्या खाली उतरलं असेल तर तो तुकडा मी वेल्डिंगला घेत नाही, कापून बदलतो. इतक्या पातळ पत्र्यावर आर्क टेकवला की भोक पडतं, भोक भरायला गेलं की शेजारी दुसरं पडतं.

खाऱ्या पाण्यात सतत बुडलेल्या लोखंडापेक्षा ओलं-कोरडं होत राहणारं लोखंड लवकर जातं. त्याला पाणीही मिळतं आणि हवाही. वर सुकलेलं मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे शेडमध्ये उभी ट्रॉलीसुद्धा रात्रभर गंजत असते. कर्लीच्या खाडीत दिवसातून चार वेळा उतरणारी ट्रॉली आणि गोड्या पाण्याच्या धरणावरची ट्रॉली यांचं वय कधीच सारखं नसतं.

काम सुरू करण्याआधी

बोट खाली उतरवा. "वर ओलं पोतं टाकतो, तेवढ्यात मारून घे" असं म्हणणारे भेटतात. मी नाही म्हणतो. फायबर पेटतं, आत पेट्रोलची टाकी असते, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने बोटीच्या तळाशी साचून राहते. बोट निदान वाऱ्याच्या वरच्या अंगाला आणि लांब हवी.

ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉलीवर वेल्डिंग करू नका, हूक सोडवा. अर्थिंगचा क्लॅम्प जोडाच्या जवळ, घासून चकचकीत केलेल्या लोखंडावर लावा. क्लॅम्प चाकाच्या हबला आणि आर्क दांडीवर, असं केलं की करंट चाकाच्या बेअरिंगमधून वाट काढू शकतो आणि गोळ्यांवर चटके पडून बेअरिंग महिन्याभरात वाजायला लागतं. टायर चढवलेल्या रिमवर तर कधीच वेल्डिंग नको. हवा काढलेली असली तरी आत रबर तापून वायू होतो आणि टायर बॉम्बसारखा फुटतो.

ओल्या वाळूवर अनवाणी उभं राहून रॉड बदलणारे मी पाहिले आहेत. मशीनचा रिकामा (आर्क पेटलेला नसतानाचा) व्होल्टेज ६० ते ८० च्या आसपास असतो, आणि खाऱ्या पाण्याने भिजलेल्या माणसाला तेवढा पुरतो. कोरडी फळी, बूट, कोरडे हातमोजे.

आणि पाईपाला भोक पाडा. बंद बॉक्स पाईपात पाणी अडकलेलं असतं. ते तापलं की वाफ होते आणि वितळलेला धातू तोंडावर उडवते. पाणी नसलं तरी तापलेली हवा बाहेर पडायला बघते, म्हणून जोडाचा शेवटचा अर्धा इंच बंद होत नाही, तिथे पुन्हा पुन्हा सुईएवढं छिद्र पडत राहतं. पाईपाच्या खालच्या बाजूला, टोकाजवळ, चिरेपासून लांब, १० मिलिमीटर व्यासाचं एक भोक पाडलं की दोन्ही अडचणी मिटतात. पुढे हेच भोक पाणी निघून जायला कामाला येतं.

ट्रॉली गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली, असेल तर जस्त आधी काढायला हवं. लोखंड वितळतं साधारण १५०० अंश सेल्सिअसला आणि जस्त ९०७ अंशालाच उकळतं, म्हणजे आर्कच्या आधीच जस्ताचा पांढरा धूर होतो. जोडात तो शिरला की जोड स्पंजासारखा होतो. छातीत गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो, तोंडाला धातूची चव येते, अंग मोडून येतं. एक-दोन दिवसांत उतरतो, पण म्हणून तो सोसायचा नसतो. दोन्ही बाजूंनी किमान दोन इंच जस्त ग्राइंडरने काढा, वाऱ्याकडे पाठ न करता वारा बाजूने येईल असे उभे राहा, धुराचा मास्क लावा. दूध प्यायलं की काही होत नाही, ही समजूत आमच्या धंद्यात पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. दुधाने फुफ्फुसात गेलेला धूर निघत नाही.

चीर भरणं

ट्रॉली उलटी करा. चीर खालच्या बाजूला असते आणि झोपून डोक्यावर वेल्डिंग करण्यापेक्षा चार माणसं बोलावून ट्रॉली पालथी करणं केव्हाही बरं. सपाट जागेवर रस खाली बसतो, आत शिरतो.

चिरेच्या दोन्ही टोकांना, खडूने दाखवलेल्या टोकाच्या जरा पुढे, ६ मिलिमीटरचं भोक पाडा. चीर धारदार टोकाने पुढे सरकते. टोक गोल भोकात संपलं की वेल्डिंगच्या उष्णतेने ती पळत नाही. हे भोक शेवटी भरून टाकायचं.

मग ग्राइंडरने चिरेची पूर्ण रेष व्ही आकारात उघडा, दोन्ही कडा मिळून ६० अंशांच्या आसपास कोन. चीर दिसेनाशी होईपर्यंत खोल जायचं. ३ मिलिमीटरच्या पाईपात याचा अर्थ जवळजवळ आरपार, तळाशी २ मिलिमीटरची फट. वरवर रॉड फिरवून चीर झाकली तर आतली चीर तशीच राहते, आणि तीच पुढे वर येते. 'परत चिरली' म्हणून येणाऱ्या कामांत मी जोड कापून बघतो, तेव्हा आत जुनी काळी रेष हमखास सापडते.

पातळ पाईपाला २.५ मिलिमीटरचा रॉड, ७० ते ८५ अँपिअर. जाड चॅनलला ३.१५ चा रॉड, ६०१३ असेल तर ९० ते १३०. दांडीसाठी मी ७०१८ नंबरचा रॉड वापरतो. त्याचा जोड कमी हायड्रोजनचा आणि चिवट असतो, हिसके जास्त सोसतो. पण त्याची अट पाळावी लागते. उघड्या पाकिटातला रॉड आमच्या हवेत दोन दिवसांत दमट होतो आणि मग त्याचा काही फायदा उरत नाही. ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास भाजून, गरम डब्यातून एकेक काढून वापरायचा, डीसी मशीनवर, होल्डर प्लसला. भाजायची सोय नसेल तर नवं सीलबंद पाकीट फोडून त्याच दिवशी संपवा, नाहीतर सरळ कोरडा ६०१३ घ्या. दमट ७०१८ पेक्षा कोरडा ६०१३ चांगला.

मिगवाल्यांनी (गॅसच्या आवरणात तारेने वेल्डिंग करणाऱ्यांनी) दुपारी किनाऱ्यावर काम करू नये. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो, झुळूक वाटते तेवढीही गॅसचं आवरण उडवायला पुरते, आणि जोडात बारीक भोकं राहतात. पडदे लावा किंवा सकाळी लवकर करा. स्टिकला, म्हणजे रॉडच्या वेल्डिंगला, वाऱ्याचा त्रास त्यामानाने कमी.

पहिला पास (थर) झाला की स्लॅग, म्हणजे जोडावरची कडक पापडी, पूर्ण काढा, वायर ब्रश मारा, मगच दुसरा. सुरुवात आणि शेवट पाईपाच्या कोपऱ्यावर आणू नका. कोपऱ्याला वळसा घालून पुढे जा. शेवटी जोड ग्राइंडरने पाईपाच्या बरोबरीला आणा, आणि ग्राइंडरचे चरे दांडीच्या लांबीच्या दिशेने पडू द्या. आडवे चरे म्हणजे ताणाच्या रेषेला आडव्या छोट्या छोट्या खाचा. हे फार बारीक वाटेल, पण पुन्हा चिरलेल्या दांड्यांवर चीर अशा चऱ्यातून सुरू झालेली मी भिंगाखाली पाहिली आहे.

पट्टी कुठे आणि कशी

खालच्या बाजूला आडवी चौकोनी पट्टी नको. पट्टी दांडीच्या दोन्ही अंगांना, म्हणजे उभ्या बाजूंवर मारा, आणि ती शंकरपाळीच्या आकाराची कापा. लांबट शंकरपाळी, जिची दोन टोकदार टोकं दांडीच्या लांबीत पुढे-मागे जातात आणि दांडीच्या बरोबर अर्ध्या उंचीवर संपतात.

वाकणाऱ्या पाईपात सर्वांत वर सर्वाधिक दाब, सर्वांत खाली सर्वाधिक ताण, आणि मधोमध जवळजवळ काहीच नाही. पट्टीचं टोक त्या शांत जागी संपलं की कडक-लवचिकाचा सांधा तिथे त्रास देत नाही. शिवाय टोक निमुळतं असल्याने कडकपणा हळूहळू कमी होत जातो, एका रेषेवर तुटत नाही. पट्टीची जाडी पाईपाइतकीच घ्या, ३ ला ३, फार तर ४. ६ ची पट्टी घालून मी काय मिळवलं ते वर सांगितलंच.

ट्रक दुरुस्त करणारे जुने कारागीर चासीच्या खालच्या पाटीवर आडवं वेल्डिंग करत नाहीत आणि पट्टीच्या कडा उताराच्या कापतात, ते याच कारणाने. मात्र त्यांच्यापुढे एक प्रश्न नसतो, तो आपल्यापुढे असतो: खारं पाणी. ते पट्टीच्या आडव्या कडा मोकळ्या सोडतात. आपण मोकळी कड सोडली तर मागे मीठ जातं, आतल्या आत गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे पट्टी फुगून जोड ओरबाडून काढतो. शंकरपाळीला आडवी कडच नसते, म्हणून ती चारी बाजूंनी बंद वेल्ड करता येते. ताण आणि गंज दोघांचीही सोय लागते. पट्टी बसवण्याआधी मागची जागा चकचकीत करून घ्या, गंजावर पट्टी मारणं म्हणजे तो आत कोंडून ठेवणं.

आता खरं कारण. देवबागच्या त्या ट्रॉलीचा आडवा पाईप दांडीच्या खालून वेल्ड केलेला होता, आणि चीर त्याच जोडाच्या कडेला होती. पट्टी कितीही सुंदर मारली तरी तो जोड तिथेच राहिला तर चीर येणारच. मी तो जोड पूर्ण कापून काढला, जागा घासून सारखी केली आणि आडवा पाईप दांडीला यू-बोल्टने आवळला, दोन्ही बाजूंना आधाराची पट्टी घालून. दांडीच्या तळाला आता एकही वेल्डिंग नाही. गॅल्व्हनाइज्ड तयार ट्रॉल्यांत बऱ्याचदा बोल्टचेच जोड असतात. बोल्टचा जोड थोडा सरकतो, लवतो आणि वळणारा सांगाडा मोकळा राहतो. एक चाक खड्ड्यात आणि दुसरं वर, असा पीळ बसला की पूर्ण वेल्ड केलेला बॉक्स पाईपचा सांगाडा लवत नाही, त्याचा सगळा पीळ कोपऱ्यातल्या जोडांवर येतो.

त्याबरोबर बोटही सहा इंच मागे सरकवली. बोटीचं नाक टेकतं तो थांबा उगाच पुढे बसवला होता, त्यामुळे नाकाचं सगळं वजन दांडीच्या मधोमध येत होतं. फार मागेही न्यायची नाही, मागे वजन गेलं की हूक उचलला जातो आणि रस्त्यावर ट्रॉली शेपटी हलवते. हुकावर हाताने उचलताना जड वाटावं, पण दोघांना उचलता यावं, असा माझा जुना अंदाज आहे.

गंजलेला तुकडा बदलताना

चांगलं लोखंड लागेपर्यंत कापा, आणि त्यापुढे आणखी चार बोटं. सरळ आडवा काप देऊ नका, ४५ अंशांचा तिरका द्या, म्हणजे सगळा जोड एकाच रेषेवर येत नाही. आत बाही घाला. १०० × ५० × ३ च्या पाईपाच्या आत ९४ × ४४ ची जागा असते, तेवढी बाही पट्ट्या जोडून बनवता येते. बाही दोन्हीकडे हातभर आत जावी आणि बाहेरून दोन-तीन भोकं पाडून ती भोकं वेल्डने भरून पकडावी. जोड बोटीच्या रोलरखाली किंवा आडव्या पाईपाजवळ येऊ देऊ नका. सुरुवातीला चारही बाजूंना टाके मारून दोरीने सरळपणा तपासा. एका बाजूने सलग वेल्डिंग केलं की दांडी केळ्यासारखी वाकते, आणि मग ट्रॉली रस्त्यावर तिरकी चालते.

काही गोष्टी दुरुस्त करायच्या नसतात, बदलायच्या असतात. तुटलेला कमानीचा पाटा वेल्ड करू नका. ते कडक केलेलं स्प्रिंग स्टील असतं, जोडाशेजारी काचेसारखं ठिसूळ होतं. हूक, कपलर, चाक बसतं तो एक्सलचा शेंडा, यांनाही तेच. हे तुटलं तर बोट आणि ट्रॉली रस्त्यावर सुटते, आणि मागून दुचाकीवर कोणाची तरी मुलं येत असतात. कितीही ओळखीचा गिऱ्हाईक असला तरी या कामाला मी हात जोडतो. दांडी आणि बाजूचे पाईप तीन-चार ठिकाणी मोजून सगळीकडे २ च्या खाली भरले, तर सांगाडा नवा करावा. जुन्यावरची मजुरी नव्या पाईपाच्या किमतीला जाऊन भिडते.

नंतर

जोड गार झाल्यावर, पाणी न ओतता, त्याच दिवशी प्रायमर लावा. आमच्याकडे रात्रीच्या दमट हवेत घासलेलं लोखंड सकाळपर्यंत तांबूस होतं. जस्ताचा प्रायमर लावायचा असेल तर तो उघड्या, स्वच्छ लोखंडावरच लागला पाहिजे. जुन्या रंगावर किंवा गंजावर त्याचा उपयोग नाही, जस्त लोखंडाला भिडलं तरच लोखंडाऐवजी स्वतः झिजतं. त्यावर इपॉक्सीचे दोन हात. साधा रेड ऑक्साइड गोड्या पाण्यात चालतो, खाडीत एक हंगामही नीट टिकत नाही.

पाईपाच्या आत बरेच जण जळकं इंजिन ऑइल ओततात. ते ठिबकत ठिबकत खाडीत जातं, जिथे आपलीच माणसं जाळी टाकतात, आणि पुढे कधी वेल्डिंग करायची वेळ आली की पाईपातून धुरासकट ज्वाळा येते. गाड्यांच्या पोकळ भागात मारतात ते मेणाचं औषध नळीने आत फवारा. तळाशी पाणी निघायची भोकं मोकळी ठेवा, वाळूने बुजतात. ट्रॉली वर काढली की गोड्या पाण्याची नळी पाईपाच्या एका टोकातून आत सोडा आणि दुसऱ्या टोकातून येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत चालू ठेवा. बाहेरून तर सगळेच धुतात.

पाण्यात उतरवण्याआधी चाकं जरा गार होऊ द्या. रस्त्यावरून तापून आलेलं बेअरिंग थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि सीलमधून खारं पाणी आत ओढलं जातं. त्या बेअरिंगचं चाक अडकलं की दांडीवर कोणत्याही खड्ड्यापेक्षा मोठा हिसका बसतो.

त्या देवबागच्या ट्रॉलीच्या जोडांभोवती मी पांढऱ्या रंगाचा हात दिला आहे, बाकी ट्रॉली निळी. पांढऱ्यावर तपकिरी ओघळ लगेच दिसतो. दर पौर्णिमेला, मोठ्या भरतीला बोट वर काढतो तेव्हा तिचा मालक दांडीखाली वाकून बघतो आणि मोबाईलवर फोटो पाठवतो. दोन हंगाम झाले, फोटोत पांढरा रंग पांढराच आहे. मागच्या महिन्यात एका यू-बोल्टचं नट अर्धा फेरा सैल झालेलं त्यालाच दिसलं आणि त्यानेच ते आवळलं.